टॅक्स कोडमधला निम्मा आकडा

गेल्या महिन्यात रेडिंगला आमच्या घरी जेवायला आलेल्या एका तरुण मित्राने पानावरून उठल्याबरोबर फोन माझ्यापुढे धरला. ब्रिटनच्या करखात्याने, म्हणजे एचएमआरसीने, त्याला नवा टॅक्स कोड कळवला होता. पहिल्या ओळीत वैयक्तिक करमुक्त मर्यादा १२,५७० पौंड, त्याखाली ‘पर्सनल पेन्शन रिलीफ’ म्हणजे पेन्शनवरची करसूट २,५०० पौंड, एकूण १५,०७० पौंड आणि शेवटी ठळक अक्षरांत कोड : १५०७एल. त्याचा प्रश्न सरळ होता. “दादा, मी वर्षाला पाच हजार पौंड पेन्शनमध्ये भरतो आणि यांनी अडीचच हजार धरलेत. बाकीचे अडीच हजार गेले कुठे?”

मला हसू आले, कारण २०२१ साली अगदी याच आकड्यावरून मी स्वतः फोन लावून अर्धा तास प्रतीक्षेचे संगीत ऐकले होते. त्या वेळी मिळालेले उत्तर बरोबर होते, पण ते मला कळले नाही. कळले ते नंतर, कागद-पेन्सिल घेऊन ताळा केल्यावर. तो ताळा आणि त्यानंतर माझ्याच हलगर्जीपणामुळे बसलेला फटका, हे दोन्ही इथे सविस्तर लिहून ठेवतो.

भारतातून नोकरीसाठी इकडे आलेल्या माणसाची पहिली अडचण सवयीची असते. तिकडे जानेवारी उजाडला की कंपनीचा हिशेब विभाग गुंतवणुकीचे पुरावे मागतो, आपण विम्याच्या आणि पीपीएफच्या पावत्या जमा करतो आणि त्यांवरून कंपनीच आपला कर ठरवून पगारातून कापते. ब्रिटनमध्ये मालकाला यातले काहीही विचारण्याचा अधिकार नाही आणि गरजही नाही. त्याला करखात्याकडून फक्त एक कोड मिळतो आणि त्या कोडाबरहुकूम त्याने कर कापायचा असतो. आपण बाहेर कुठे पेन्शन भरतो, आपल्याला भाडे मिळते का, मागची काही बाकी आहे का, हे सगळे त्या चार आकड्यांत आणि एका अक्षरात दुमडलेले असते. पगारातूनच कर कापण्याची ही पद्धत १९४४ साली, महायुद्ध चालू असताना सुरू झाली. लाखो कामगारांचा कर दर आठवड्याला कापायचा, तर मालकाच्या हाती एकच आकडा देणे हाच सोयीचा मार्ग होता, आणि आज संगणक आले तरी मार्ग तोच राहिला आहे.

कोडाचा अर्थ सोपा आहे. करमुक्त रकमेतला शेवटचा आकडा गाळला की कोड तयार होतो. १२,५७० चे १२५७ होतात आणि पुढे ‘एल’ लागते. मालक ती रक्कम बारा महिन्यांत विभागतो, तेवढ्या पगारावर कर लावत नाही आणि उरलेल्यावर ठरलेल्या टप्प्यांनी लावतो : पहिल्या ३७,७०० पौंडांवर २० टक्के, त्यापुढे ४० टक्के. म्हणजे इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५०,२७० पौंडांपुढचा, १,२५,१४० पर्यंतचा, प्रत्येक पौंड ४० टक्क्यांच्या टप्प्यात जातो. हे आकडे २०२१ पासून गोठवलेले आहेत. पगार मात्र वाढत राहिले, त्यामुळे आपल्या मंडळींपैकी ज्यांना हा टप्पा कधी लागेल असे वाटले नव्हते, तेही आता त्यात आहेत.

आता पेन्शनकडे. पेन्शनमध्ये घातलेल्या पैशांवर कर लागू नये हे तत्त्व एकच असले, तरी ते अमलात आणण्याच्या तऱ्हा तीन आहेत, आणि आपण कोणत्या तऱ्हेत बसतो हे ठाऊक नसणे हेच बहुतेक गोंधळाचे मूळ आहे. पहिल्या तऱ्हेत वर्गणी कर लावण्याआधीच पगारातून वजा होते. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या डॉक्टर-परिचारिकांची, शिक्षकांची आणि नगरपालिकांतल्या नोकरदारांची पेन्शन अशी आहे. दुसरी तऱ्हा ‘सॅलरी सॅक्रिफाइस’ची : आपण कराराने पगारच तेवढा कमी करून घेतो आणि मालक ती रक्कम पेन्शनमध्ये भरतो, त्यामुळे नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारावर प्राप्तिकराखेरीज कापला जाणारा सामाजिक विम्याचा हप्ता, तोही वाचतो. (या वाचणाऱ्या नॅशनल इन्शुरन्सवर एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० पौंडांच्या वर्गणीची मर्यादा येणार आहे, पण प्राप्तिकराचा फायदा तसाच राहील.) या दोन्ही तऱ्हांत चाळीस टक्क्यांची पूर्ण सूट जागच्या जागी मिळते, कोड १२५७एलच राहतो आणि राहायलाही हवा. अशा माणसाने पेन्शनसाठी वेगळा दावा केला, तर तो एकाच रकमेवर दोनदा सूट मागत असतो.

तिसऱ्या तऱ्हेला ‘रिलीफ अॅट सोर्स’ म्हणतात आणि आपला सगळा विषय तिथलाच आहे. इथे वर्गणी कर कापून झाल्यावरच्या, हाती येणाऱ्या पगारातून जाते. आपण ८० पौंड भरले की पेन्शन कंपनी सरकारकडून २० पौंड मागून घेते आणि आपल्या खात्यात १०० पौंड जमा होतात. सरकारनेच उभारलेली नेस्ट ही योजना याच तऱ्हेची आहे, आणि आपण स्वतः उघडलेली खासगी पेन्शन खातीही याच तऱ्हेची असतात. वीस टक्के दराने कर भरणाऱ्याचे काम इथे संपते. चाळीस टक्के भरणाऱ्याला मात्र आणखी वीस टक्के मिळायचे असतात, आणि ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत. पेन्शन कंपनीला आपला पगार ठाऊक नसतो आणि मालकाला सरकारने दिलेल्या वीस पौंडांशी काही देणेघेणे नसते. मी स्वतः दोन वर्षे हे पैसे मागितले नव्हते, कारण पगारपत्रकावर ‘पेन्शन’ अशी ओळ दिसते आहे म्हणजे सगळे आपोआप होत असणार, अशी माझी समजूत होती.

आपली तऱ्हा कोणती हे पगारपत्रकावरूनच ओळखता येते. एकूण पगार आणि करपात्र पगार हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. करपात्र पगार वर्गणीइतका कमी असेल तर पहिली तऱ्हा. एकूण पगारच करारापेक्षा कमी दिसत असेल, किंवा वर उणे चिन्हासह ‘सॅक्रिफाइस’ अशी ओळ असेल, तर दुसरी. दोन्ही आकडे सारखे असूनही खाली कपातीच्या रकान्यात पेन्शन दिसत असेल, तर तिसरी. माझ्या पत्रकात दोन्ही आकडे ५,४१६ पौंड ६७ पेन्स होते आणि कपातीत पेन्शनचे ३३३ पौंड ३३ पेन्स. वर्षाला मी ४,००० भरत होतो, सरकारचे १,००० धरून खात्यात ५,००० जात होते.

आता निम्म्या आकड्याचा ताळा. पगार ६५,००० पौंड. पेन्शनचा विचार न करता करपात्र रक्कम ५२,४३० होते. त्यातल्या ३७,७०० वर २० टक्क्यांनी ७,५४० आणि उरलेल्या १४,७३० वर ४० टक्क्यांनी ५,८९२, असा एकूण १३,४३२ पौंड कर होतो. कायदा सांगतो की ‘रिलीफ अॅट सोर्स’मध्ये भरलेल्या रकमेइतका, म्हणजे सरकारचा वाटा धरून ५,००० पौंडांइतका, २० टक्क्यांचा टप्पा रुंद करावा. मग ४२,७०० वर ८,५४० आणि ९,७३० वर ३,८९२, एकूण १२,४३२. फरक बरोबर १,००० पौंड, म्हणजे पाच हजारांचे वीस टक्के, आणि आपले येणे तेवढेच आहे.

अडचण अशी की मालकाकडे जाणाऱ्या कोडात टप्पा रुंद करण्याची सोयच नाही. कोडाला एकच भाषा येते, ती करमुक्त रकमेची. म्हणून करखाते उलटा हिशेब करते : या माणसाला १,००० पौंड परत करायचे आहेत आणि त्याचा वरचा पगार ४० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, तर करमुक्त रक्कम कितीने वाढवली म्हणजे नेमके १,००० वाचतील? उत्तर २,५००, कारण अडीच हजारांचे चाळीस टक्के म्हणजे एक हजार. पाच हजारांची पूर्ण वाढ दिली असती तर २,००० पौंड वाचले असते, आणि पेन्शन कंपनीने आधीच घेतलेले १,००० धरता आपल्याला साठ टक्के सूट मिळाली असती. तेव्हा निम्मे कुठेही गेलेले नाहीत. ते आधीच पेन्शनच्या खात्यात जाऊन बसलेले आहेत.

हे निम्म्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या माणसासाठीच आहे, हे मात्र विसरू नये. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्याच्या कोडाआधी ‘एस’ लागतो आणि तिथले टप्पे वेगळे आहेत. तिथे ४२ टक्के भरणाऱ्यालाही पेन्शन कंपनीकडून वीसच टक्के मिळतात, त्यामुळे त्याने २२ टक्के मागायचे असतात. २१ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचाही एक टक्का येणे असतो, जो फारसे कोणी मागत नाही.

माझा दावा मी ऑगस्ट २०२१ मध्ये केला. मागच्या चार करवर्षांपर्यंत मागे जाता येते, म्हणून २०१९-२० आणि २०२०-२१ ही दोन्ही वर्षे त्यात घातली. तेव्हा वरच्या टप्प्याची सीमा ५०,००० पौंड होती. पहिल्या वर्षी माझी वर्गणी सरकारचा वाटा धरून ३,००० होती, म्हणून मी ६०० पौंडांचे स्वप्न पाहत होतो, मिळाले ४८०. कारण त्या वर्षी माझा पगार ५२,४०० होता, म्हणजे चाळीस टक्के कर मी फक्त २,४०० पौंडांवर भरला होता. जितक्या रकमेवर वरच्या दराने कर भरला, जादा सूट तितक्याच रकमेवर. सीमेच्या जरा वर असलेल्या माणसाने ही गोष्ट आधी तपासावी, नाहीतर माझ्यासारखी निराशा पदरी येते. दुसऱ्या वर्षी पगार ५८,००० आणि वर्गणी ४,२०० होती, तिथे पुरे ८४० मिळाले.

चालू वर्षाचे पैसे मात्र धनादेशाने येत नाहीत, ते कोडातून येतात. नवा कोड ऑक्टोबरच्या पगाराला लागू झाला. हा कोड एप्रिलपासूनचा हिशेब एकत्र धरणारा असतो. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते, त्यामुळे ऑक्टोबरचा पगार हा सातवा महिना. दरमहा ८३ पौंड ३३ पेन्स याप्रमाणे सात महिन्यांचे ५८३ पौंड त्या एका पगारात जादा दिसले आणि नोव्हेंबरपासून पुन्हा ८३ वर आले. ऑक्टोबरचा आकडा पाहून पगारवाढ झाली असे समजून दिवाळीची खरेदी कोणी करू नये, असे मी गमतीने सांगतो, पण ते मी केले होते. कोडाच्या शेवटी ‘एम१’ असे चिन्ह असेल तर मात्र मागच्या महिन्यांचा हिशेब धरला जात नाही आणि त्यांचे पैसे वर्ष संपल्यावरच मिळतात.

पूर्वी हे काम फोनवर होत असे. सप्टेंबर २०२५ पासून फोनवर दावा घेत नाहीत, तो ऑनलाइन किंवा टपालाने करावा लागतो. पेन्शन कंपनीचे वार्षिक विवरणपत्र हाताशी ठेवावे आणि त्यातला सरकारचा वाटा धरलेला आकडा कोणता व आपण भरलेला कोणता, हे नीट पाहावे. जे दरवर्षी सेल्फ असेसमेंटचे, म्हणजे स्वतःच उत्पन्न कळवण्याचे, विवरणपत्र भरतात त्यांनी वेगळा दावा न करता त्यातच पेन्शनच्या रकान्यात हा मोठा आकडा लिहायचा असतो. तिथे ४,००० लिहून वीस टक्क्यांचे नुकसान करून घेणारे दोघे तरी माझ्या ओळखीचे आहेत.

आता माझी चूक. एप्रिल २०२२ मध्ये मी नोकरी बदलली. नव्या ठिकाणी ‘सॅलरी सॅक्रिफाइस’ होते, म्हणजे सूट जागच्या जागी मिळत होती, आणि जुन्या पेन्शनमध्ये मी एक पैसाही भरत नव्हतो. कोडात मात्र मागच्या वर्षीच्या अंदाजावरून २,५०० पौंड तसेच पुढे आले. नोटीस आली होती. तिच्यावर १५०७एल लिहिलेले पाहून “चला, आहे आपले अडीच हजार” असे म्हणून मी ती फाइलला लावली. वर्षभर दरमहा ८३ पौंड खुशाल खाल्ले. २०२३ च्या वसंतात पुढच्या वर्षाची नोटीस आली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी कळवले, त्या वर्षाचा कोड १२५७एल झाला. पण सरलेल्या वर्षाचे १,००० पौंड देणे राहिलेच. शरद ऋतूत त्याचा हिशेब आला, ‘पी८००’ नावाचा. ३,००० पौंडांच्या आतली बाकी साधारणपणे पुढच्या वर्षीच्या कोडातूनच हप्त्यांनी वळती करतात, म्हणून २०२४-२५ साली माझा कोड झाला १००७एल. एक हजार पौंड वसूल करायचे तर चाळीस टक्क्यांच्या माणसाची करमुक्त मर्यादा अडीच हजारांनीच घटवावी लागते. १२५७ च्या वर जितका गेलो होतो, तितकाच खाली आलो. व्याज किंवा दंड लागला नाही, पण त्या वर्षीचा प्रत्येक पगार आपली चूक वाचून दाखवत येत असे.

त्यानंतर एक गोष्ट पक्की लक्षात राहिली. कोड म्हणजे आपल्या चालू वर्षाबद्दल करखात्याने बांधलेला अंदाज असतो, आणि तो अंदाज आपणच दिलेल्या जुन्या माहितीवर उभा असतो. वर्षअखेरीचा खरा हिशेब वेगळा होतो. त्यामुळे नोटिशीत आकडे बरोबर आहेत का, एवढेच न पाहता ते या वर्षीचे आहेत का, हे पाहावे लागते : पेन्शनची वर्गणी आणि त्याच पानावर खाली दिलेला वर्षाच्या पगाराचा अंदाज, दोन्ही.

पगार एक लाख पौंडांपुढे गेलेल्यांसाठी हे आणखी महत्त्वाचे आहे. तिथे दर दोन पौंडांमागे करमुक्त मर्यादेतला एक पौंड गळतो आणि १,२५,१४० वर ती शून्य होते, म्हणजे मधल्या पट्ट्यात प्रत्यक्ष दर साठ टक्के पडतो. समजा पगार १,१०,००० आहे. करमुक्त मर्यादा ७,५७० उरते. या माणसाने ‘रिलीफ अॅट सोर्स’ पेन्शनमध्ये ८,००० भरून सरकारच्या वाट्यासह १०,००० केले, तर त्याचे हिशेबी उत्पन्न (पगारातून ही पेन्शन वजा करून धरलेले) पुन्हा एक लाखावर येते आणि गळालेले ५,००० परत जागेवर बसतात. शिवाय पेन्शन रिलीफचे आणखी ५,००० असतात. कोडाचा आकडा ७५७ वरून १७५७ वर जायला हवा. दोन ओळींपैकी एकच बदललेली दिसली, तर २,००० पौंड अजून येणे आहे असे समजावे. दहा हजारांच्या पेन्शनसाठी अशा माणसाच्या खिशातून शेवटी ४,००० च जातात. मुले लहान असतील तर सरकारी मदतीचे पाळणाघराचे तासही याच एका लाखाच्या रेषेवर अवलंबून असतात. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता, परत करण्याची ६०,००० ते ८०,००० ची पट्टीदेखील पेन्शन वजा केलेल्या उत्पन्नावरच मोजली जाते.

परत त्या मित्राकडे. निम्म्याचे गणित त्याला पटले, पण नोटिशीत खाली पगाराचा अंदाज ६४,००० असा होता. मी विचारले, “एवढा होणार आहे का यंदा?” तो गडबडला. मागच्या वर्षी बोनस होता, यंदा नाही. शिवाय बाळाच्या जन्मानंतर तो काही महिने रजेवर असणार होता आणि त्यातला बराच काळ बिनपगारी. आम्ही बेरीज केली, वर्षाचे ५१,५०० च्या आसपास भरले. म्हणजे वरच्या टप्प्यात फक्त १,२३० पौंड, आणि त्यांच्या वीस टक्क्यांनी त्याची खरी जादा सूट २४६ पौंड. १५०७एल तसाच राहिला असता तर वर्षअखेरीला त्याच्या नावावर ५०० पौंडांची बाकी निघाली असती, तीही घरात तान्हे मूल असताना.

बायकोने ताटे उचलायच्या आत त्याने आपल्या ऑनलाइन कर-खात्यात शिरून अंदाज बदलला. काही दिवसांनी नवी नोटीस आली, तिचे छायाचित्र त्याने मला पाठवले : पेन्शन रिलीफ ६१५, कोड १३१८एल. खाली लिहिले होते, “दादा, आता तर निम्मेही राहिले नाहीत.”